तीस वर्षांचा हप्ता आणि एक जुना कागद

आम्ही कॅलिफोर्नियात घर घ्यायचं ठरवलं आणि पुण्याला बाबांना फोन केला. "किती वर्षांचं कर्ज?" त्यांचा पहिला प्रश्न. "तीस." पलीकडे शांतता. मग म्हणाले, "अरे, व्हिसा तीन वर्षांचा आणि कर्ज तीस वर्षांचं? ऋण काढून सण म्हणतात तो हाच."

मंडळी, मी पडलो काँप्युटर इंजिनियर. हिशेबाशिवाय चैन पडत नाही. म्हणून स्प्रेडशीट उघडली. सोपं जावं म्हणून 4 लाख डॉलर कर्ज धरलं, व्याज साडेसहा टक्के. महिन्याचा हप्ता येतो सुमारे 2,528 डॉलर. पहिल्या हप्त्यातले 2,167 व्याजाचे आणि मुद्दल फिटतं फक्त 361! व्याजापेक्षा मुद्दल जास्त फिटायला विसावं वर्ष उजाडतं. तीस वर्षांत एकूण भरायचे 9 लाख 10 हजार. बाबांचं खरं होतं की काय? मग असलं कर्ज मुळात काढलं कुणी, या उत्सुकतेने मी इतिहास वाचायला घेतला.

आपल्याला वाटतं, अमेरिकेत हे पूर्वापार चालत आलंय. तसं अजिबात नाही. 1920 च्या दशकात इथे बँकेचं गृहकर्ज असायचं तीन, पाच, फार तर दहा वर्षांचं. निम्मी किंमत आधी स्वतः उभी करायची. दरम्यान बऱ्याचदा नुसतं व्याज भरायचं आणि मुदत संपली की सगळं मुद्दल एकरकमी, नाहीतर नवीन कर्ज. दिवस बरे होते तोवर नवीन कर्ज मिळत गेलं. 1929 नंतर मंदी आली, बँकाच बुडायला लागल्या, मग नवीन कर्ज देणार कोण? 1933 मध्ये रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती.

रूझवेल्ट सरकारने त्याच वर्षी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. त्याने सुमारे दहा लाख कुटुंबांची अडकलेली कर्जं स्वतःकडे घेतली आणि पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांत बांधून दिली. दर हप्त्यात थोडं मुद्दल, थोडं व्याज. शेवटी डोक्यावर धोंडा नाही. 1934 मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, आलं. ते स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत असे. मग बँकांना धीर आला, मुदत वाढली आणि डाउन पेमेंट वीस टक्क्यांवर आलं. 1938 मध्ये फॅनी मे निघाली. ती बँकांकडून ही कर्जं विकत घेई, त्यामुळे बँकेकडे पुढच्या गिऱ्हाइकासाठी पैसा मोकळा होई. 1944 च्या जीआय बिलाने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना डाउन पेमेंटशिवायही घर घेता येऊ लागलं. एफएचएची मुदत तीस वर्षं झाली ती नव्या घरांसाठी 1948 मध्ये आणि जुन्या घरांसाठी 1954 मध्ये.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. भारतात आपलं गृहकर्ज बहुधा फ्लोटिंग. दर चढला की हप्ता नाहीतर मुदत वाढणार. इथे दर तीस वर्षं गोठलेला. बाजारात व्याज चढलं तर बँक मला धरू शकत नाही आणि उतरलं तर मी रिफायनान्स करून मोकळा! ऑक्टोबर 1981 मध्ये इथला सरासरी दर अठरा टक्क्यांच्या वर होता, जानेवारी 2021 मध्ये 2.65 आणि ऑक्टोबर 2023 मध्ये पुन्हा पावणेआठच्या आसपास. एवढ्या चढउतारात हप्ता हलत नाही, कारण धोका कर्जदाराच्या डोक्यावरून उचलून दुसरीकडे ठेवलेला आहे. तो नाहीसा होत नाही हे 2008 मध्ये दिसलंच. त्या सप्टेंबरात फॅनी मे आणि तिची धाकटी बहीण फ्रेडी मॅक सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या.

मग आमच्या घराची कागदपत्रं आली. घर 1941 सालचं. गठ्ठ्यात त्याच वर्षीचं एक पान होतं. त्यात अट अशी की कॉकेशियन वंशाखेरीज कुणीही या जागेत राहायचं नाही. नोकर असेल तर चालेल. वर आजच्या कायद्याची चिठ्ठी, की ही अट रद्दबातल आहे. मी ते पान दोनदा वाचलं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण इथे भांडी घासायला आलो असतो तर चाललं असतं."

पुन्हा वाचायला बसलो. अशा अटी घालाव्यात ही शिफारस एफएचएच्याच पुस्तिकेत होती! लोन कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे रंगवले, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल, म्हणजे कर्जाला धोक्याच्या. आपल्या लोकांना तर 1923 च्या भगतसिंग थिंड खटल्यानंतर नागरिकत्वच नाकारलं गेलं, ते 1946 मध्ये खुलं झालं. 1948 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की अशा अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत आणि 1968 च्या फेअर हाउसिंग ॲक्टने हा भेदभावच बेकायदा ठरवला. म्हणजे ज्या हातांनी हे सोयीचं कर्ज घडवलं, त्याच हातांनी ते कुणाला मिळू नये हेही लिहिलं. गोऱ्या कुटुंबांची घरं वाढली, मुलांना वारशात मिळाली. लाल रेघेआडच्यांना ती तीस वर्षं मिळालीच नाहीत.

आम्ही घर घेतलं. ती अट दस्तातून काढण्याचा अर्ज कॅलिफोर्नियात करता येतो, तोही भरला. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हप्ता चुकवू नकोस. आणि तो जुना कागद जपून ठेव, नातवंडांना दाखवायला."

तुमच्यापैकी कुणी घर बघत असेल तर एवढंच सांगतो. अर्ज दिल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत लोन एस्टिमेट हातात यायला हवं. दोन-तीन ठिकाणचे आणून शेजारी ठेवा. दर पाहा, फी पाहा. आणि गठ्ठ्यातलं प्रत्येक पान वाचा, अगदी जुनं पिवळं पडलेलंसुद्धा.