मराठी भयकथा आणि मूल्यमापनाचे निकष

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे समीक्षक नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचे मूळ गाव होय. रसविचाराची चिकित्सा हा त्यांच्या लेखनाचा एक महत्त्वाचा भाग होता. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानकाची गणना असून विकृत ध्वनी, पिशाचदर्शन, ओसाड घर, अरण्य हे त्याचे विभाव सांगितले आहेत. तथापि शास्त्रमान्य असलेला हा रस मराठी समीक्षेने बहुधा करमणुकीच्या खात्यात टाकला.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथांत दुष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत ती पुष्कळदा माणसाच्या मनातच दडलेली असते. वाचक किती दचकला, एवढाच निकष लावल्यास हा भेद दिसत नाही. भयाचे कारण पात्रांच्या जीवनातून उगवते की वरून चिकटविले जाते, हे पाहणे अगत्याचे ठरते. शेवट ठाऊक असूनही पुनर्वाचनात भय टिकले, तरच त्या कथेस वाङ्मयीन मूल्य प्राप्त होते. धारपांच्या कथेची प्रेरणा असलेला ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्यास पहिल्यापेक्षा अधिक प्रेक्षक लाभले. वाचकांनी जपलेल्या या परंपरेची रसदृष्ट्या फेरतपासणी करणे हे आता अभ्यासकांचे काम आहे.