गाडीच्या टपावरची सायकल

मोटारीतून सायकल न्यायची असेल, तर कॅरियरचे मुख्यतः तीन प्रकार उपलब्ध असतात. एक डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा, दुसरा गाडीच्या मागील टो-बारवर बसवायचा आणि तिसरा टपावरचा. तिन्हींत टपावरचा सर्वांत गैरसोयीचा. सायकल खांद्याच्याही वर उचलावी लागते, वाऱ्याचा अडथळा वाढून इंधन अधिक जळते. आणि वर सायकल आहे हे विसरून बुटक्या छताच्या पार्किंगमध्ये गाडी घातली, तर पुढचे सांगायला नको. तरीही टूर द फ्रान्समधील संघांच्या गाड्या नेमका हाच प्रकार निवडतात. का? त्यासाठी १९१३ सालात जावे लागेल.

त्या वर्षी ९ जुलैला बायोन ते लुशों हा ३२६ किलोमीटरचा टप्पा होता. एका दिवसात पिरेनीज पर्वतातील अनेक घाट ओलांडायचे होते. एझेन क्रिस्तोफ हा फ्रेंच स्वार त्या दिवशी विजेतेपदाचा प्रबळ दावेदार होता. तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, मोडला. स्पर्धेचे संचालक आँरी देग्रांज यांचा नियम स्पष्ट होता : मोडेल ते स्वाराने स्वतः दुरुस्त करावे, परक्याचा हात लागता कामा नये. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरून सेंत-मारी-द-कांपां हे गाव गाठले. तेथील लोहाराच्या भट्टीवर, स्पर्धेच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखाली, त्याने स्वतःच्या हातांनी फोर्क जोडला. एका लहान मुलाने तेवढा भाता चालवला. ती ‘बाहेरची मदत’ ठरली आणि दहा मिनिटांचा दंड झाला; पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. एव्हाना सुमारे चार तास गेले होते. क्रिस्तोफ पॅरिसला सातवा आला. १९१९ मध्ये तो स्पर्धेतील पहिली पिवळी जर्सी घालून आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यांत पुन्हा फोर्क मोडला. टूर तो कधीच जिंकू शकला नाही.

देग्रांज यांना केवळ निर्दय म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु त्यांच्या हट्टामागे विचार होता. सायकल कंपन्यांकडे पैसा होता. मागे सुट्या भागांची गाडी चालू दिली, तर जिंकणार माणूस की कारखाना, हा त्यांचा प्रश्न होता. १९३० मध्ये त्यांनी कंपन्यांचे संघ मोडून राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना एकसारख्या, निनावी पिवळ्या सायकली दिल्या, ते याच भूमिकेतून. मला हा प्रश्न आजही निकाली निघाल्यासारखा वाटत नाही.

नियम हळूहळू सैल होत गेले, पण मदत वेळेवर पोहोचणे ही निराळीच गोष्ट. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने पिरेनीजमध्ये आपल्या संघनायकाला, आंतोनँ मान्य याला, स्वतःचे पुढचे चाक काढून दिले आणि स्वतः रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून नव्या चाकाची वाट पाहत राहिला. त्याचे रडवेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी तर मान्यच्या मदतीसाठी तो उतरलेला घाट उलटा चढून गेला. मान्य जिंकला, व्हिएतो पाचवा आला. पुढे जे काम संघाच्या गाडीने उचलले, ते त्या दोन दिवशी एका तरुण स्वाराने केले होते.

आता कॅरियरकडे परत येऊ. मागे लावलेल्या कॅरियरवर सायकली एकीमागे एक असतात; आतली काढायची तर आधी बाहेरच्या उतरवाव्या लागतात. टपावर त्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, गाडीच्या दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि मागचे दारही मोकळे राहते. मेकॅनिक मागच्या आसनावर बसतो. संघनायकाची सायकल त्याच्याच बाजूला, अगदी कडेला. आपल्या एसटीच्या टपावरही सायकली चढत, पण तिथे प्रश्न जागेचा होता. इथे तो सेकंदांचा आहे.

संघाची गाडीच मागे अडकली तर? १९७२ च्या दोफिने शर्यतीत एका संघाची गाडी बंद पडली, तेव्हा माव्हिक कंपनीचे प्रमुख ब्रूनो गोर्मां यांनी स्वतःची गाडी देऊ केली. त्यातून कोणत्याही संघाच्या स्वाराला मदत करणाऱ्या तटस्थ गाडीची कल्पना निघाली आणि १९७३ च्या पॅरिस-नीस शर्यतीत ती प्रत्यक्षात आली.

मात्र टपावर सायकल असणे आणि ती स्वाराला चालणे यांत अंतर असते. १४ जुलै २०१६ रोजी मों व्हाँतूच्या चढावर गर्दीमुळे मोटारसायकल थबकली, क्रिस फ्रूम तिच्यावर आदळला आणि त्याची सायकल मोडली. संघाची गाडी मागे अडकलेली. पिवळी जर्सी घातलेला फ्रूम चक्क पायी धावत सुटला. तटस्थ गाडीने दिलेली सायकल त्याला लहान पडली, पेडलही त्याच्या बुटांना बसेनात. अखेर संघाची गाडी पोहोचली तेव्हा त्याला योग्य सायकल मिळाली. पंचांनी नंतर वेळेत दुरुस्ती केल्यामुळे जर्सी त्याच्याकडेच राहिली. पुढच्या वर्षी माव्हिकच्या टपावर वेगवेगळ्या पेडलांच्या आणि सीटची उंची चालता-चालता बदलता येईल अशा सायकली दिसू लागल्या.