दारूखाना, सर्दी आणि ‘आज्ञापत्र’

‘आज्ञापत्र’ आपण वर्गात शिकवतो ते राजनीतीचा ग्रंथ म्हणून. राजा, प्रधान, वतनदार, टोपीकर यांवरील विवेचन विद्यार्थी मन लावून टिपून घेतात. दुर्गांच्या प्रकरणातील दारूखान्याचा मजकूर मात्र बहुधा चाळून पुढे जाण्याचा ठरतो. वस्तुतः जुन्या मराठी गद्याचे बळ पाहायचे तर याच मजकुरापाशी थांबावे.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सांगितले ते थोडक्यात असे: दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. त्यास तळघर करून तळ गच्च बांधावा, वर माच घालून दारूची मडकी त्यावर ठेवावीत. बाण, होके मधल्या घरात. सर्दी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सारे बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. पहारा रात्रंदिवस जागता. परवानगीवाचून कोणी जवळ फिरकू नये. पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने मेणाने बुजवावेत. यात पराक्रमाचा एक शब्द नाही. लोणच्याच्या बरण्या जपणाऱ्या गृहिणीची दक्षता मात्र आहे, आणि हे मी कौतुकानेच म्हणतो.

या दक्षतेमागे कारण होते. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यात सुमारे तीन चतुर्थांश सोरा. गावठी सोऱ्यात इतर क्षार राहून जात आणि ते हवेतला ओलावा शोषून घेत. सह्याद्रीच्या पावसात अशी दारू निकामी व्हायला वेळ लागत नसे. उलट कोरडी दारू एका ठिणगीची वाट पाहत असते. भिजू द्यायची नाही आणि पेटूही द्यायची नाही, अशा दुहेरी पेचातून हे गद्य घडले आहे. त्यातील वाक्ये आखूड आणि आज्ञार्थी असण्याचे कारण शैलीत शोधण्यापेक्षा दारूखान्यात शोधावे.

गडावरचा हाच पेच शिपायाच्या हातातही होता. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कान्यापाशी रंजक घालायची. तोड्याच्या बंदुकीत तर जळती वात एका हाताशी आणि दारूचे शिंग कमरेला! बार झाल्यावर नळीत उरलेली राखही पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे लागे. आमच्या विश्रांतवाडीशेजारच्या खडकीत ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज लढले तेव्हा दोन्हीकडच्या बंदुका ठासणीच्याच होत्या. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे मागून काडतूस भरायच्या बंदुका रूढ होत होत्या त्या काळातला. काडतूस आले आणि दारू जपण्याचे काम शिपायाच्या हातून कारखान्याकडे गेले. रंजक, काना, तोडा हे शब्द मग ऐतिहासिक कादंबरीच्या तळटीपांत जाऊन बसले.

बंदुका मात्र उरल्या. जुन्या वाड्यांत त्या शोभेसाठी भिंतीवर असतात. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही वापरात आहेत. आपल्या कादंबऱ्या आणि नाटके बार उडाल्याचे सांगतात. न उडालेल्या बाराचे काय झाले हे सांगत नाहीत. कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेटू शकते. म्हणून भिंतीवरची बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. नळीचे तोंड स्वतःकडे वा कोणाकडे न करता लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून खूण जुळवावी. काठीचे टोक कान्याच्या बरेच अलीकडे राहिले तर आत बार आहे असे समजावे. तो घरी काढू नये, नळी तापवू तर मुळीच नये; जाणत्या बंदूक-कारागिराला किंवा पोलिसांना बोलवावे.