कुणाची ईशान्य?

थायलंडच्या नकाशात वर उजवीकडे जो मोठा चौकोनी भाग दिसतो, त्याला 'ईसान' म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे: ईशान्य. देशाचा साधारण एक तृतीयांश भूभाग आणि जवळपास तेवढीच लोकसंख्या या एका नावाखाली येते. पण ईशान्य म्हणजे कशाच्या ईशान्येला? अर्थातच बँकॉकच्या. दिशेचं नाव कुणीतरी कुठेतरी उभं राहून ठेवतं. ज्याचं गाव तिथेच आहे, त्याच्यासाठी ते कशाच्याच ईशान्येला नसतं.

हे नाव कधी आणि का पडलं, हे शोधायचं तर नोंग खाई हा प्रांत चांगला. बँकॉकहून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून मी तिथे पोचलो. मेकाँगच्या काठाने लांबलचक पसरलेला हा चिंचोळा प्रांत. समोरचा काठ लाओसचा आणि लाओसची राजधानी व्हिएन्तिआन वीसेक किलोमीटरवर. नदीकाठी फिरताना माझ्या फोनला तर आपण कोणत्या देशात आहोत, हेच कळेना. मध्येच तो लाओसचं नेटवर्क पकडायचा.

फोनचं काही फारसं चुकत नव्हतं. बांबूच्या छोट्या टोपलीत वाफवलेला चिकट भात, हाताने गोळा करून खायचा. सोबत कच्च्या पपईचं तिखटजाळ सलाड आणि त्यात आंबवलेल्या माशाचा उग्र वास. जेवण दोन्ही काठांवर हेच. टपरीवरच्या मावशींनी मला "सेप बो?" असं विचारलं. म्हणजे "चव आहे ना?" बँकॉकमध्ये हाच प्रश्न "अरॉय माय?" असा येतो. नदीपलीकडे लाओसमध्ये मात्र पुन्हा "सेप बो?" मावशी थायलंडच्या नागरिक, भाषा लाओ. आणि त्या अपवाद नाहीत. लाओ भाषा बोलणारी माणसं लाओसमध्ये आहेत, त्याच्या कितीतरी पट थायलंडमध्ये आहेत. तिथे त्या भाषेला 'ईसान' म्हणतात, एवढंच.

हे कसं झालं, त्याची गोष्ट दोनशे वर्षं मागे जाते. तेव्हा मेकाँग ही सीमा नव्हती. व्हिएन्तिआनच्या लाओ राज्याच्या मधून वाहणारी ती नदी होती आणि दोन्ही काठांवर त्याच राज्याची गावं होती. हे राज्य सयामचं, म्हणजे आजच्या थायलंडचं मांडलिक होतं. १७७९ मध्ये सयामी सैन्याने व्हिएन्तिआनमधून पाचूचा बुद्ध नेला. आज बँकॉकच्या राजवाड्यात पर्यटक ज्याच्या दर्शनाला रांगा लावतात, तोच हा. व्हिएन्तिआनमधलं त्याचं मंदिर अजून आहे, पण त्याचं संग्रहालय झालं आहे.

१८२७ मध्ये व्हिएन्तिआनचा राजा चाओ आनुवोंग याने सयामविरुद्ध उठाव केला. त्याचं सैन्य थेट कोराटपर्यंत धडकलं, पण सयामच्या प्रतिहल्ल्यापुढे टिकलं नाही. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा सयामी फौजेने व्हिएन्तिआन शहर अक्षरशः उजाड केलं. आनुवोंगला पकडून बँकॉकला नेलं, लोखंडी पिंजऱ्यात ठेवून त्याचं प्रदर्शन मांडलं, आणि १८२९ मध्ये तो तिथेच मेला.

शहर जाळण्यापेक्षा दूरगामी ठरलं ते नंतरचं पाऊल. त्या काळात या भागात जमिनीपेक्षा माणूस मोलाचा होता. जमीन मुबलक होती, ती कसायला हात नव्हते. म्हणून विजेत्यांनी डाव्या काठावरची गावंच्या गावं उठवली आणि उजव्या काठावर आणून वसवली. नोंग खाई शहर याच धामधुमीत, उद्ध्वस्त व्हिएन्तिआनची जागा घ्यायला उभं राहिलं. थोडक्यात, आज ज्याला आपण 'थाय-लाओ मिश्र संस्कृती' म्हणतो, तिच्या मुळाशी सक्तीचं स्थलांतरही आहे.

शहरातल्या वाट फो चाय या देवळात फ्रा साय नावाची बुद्धमूर्ती आहे. तिच्यासोबत स्योम आणि सुक अशा आणखी दोन मूर्ती होत्या. तीन लाओ राजकन्यांनी त्या घडवून घेतल्या आणि आपापली नावं दिली, अशी कथा आहे. युद्धानंतर तिन्ही मूर्ती तराफ्यांवरून नदीपार आणल्या जात होत्या. वादळात सुक नदीत बुडाली. पुढे उरलेल्या दोघींना बँकॉकला न्यायचं ठरलं, तर फ्रा सायची गाडी देवळापाशी अडली आणि काही केल्या हलेना. म्हणून ती नोंग खाईतच राहिली. स्योम बँकॉकला गेली. सयाम पॅरागॉन आणि सेंट्रलवर्ल्ड या दोन झगमगत्या मॉलच्या मधोमध असलेल्या वाट पथुम वनाराम या देवळात ती आज आहे. एक बुडाली, एक गेली, एक अडून बसली. लाओ लोकांचं एकोणिसावं शतक सांगायला याहून नेमकी कथा मला सापडली नाही.

त्यानंतर आले फ्रेंच. १८९३ मध्ये त्यांच्या युद्धनौका बँकॉकपर्यंत घुसल्या आणि ३ ऑक्टोबरच्या तहाने मेकाँगचा डावा काठ सयामच्या हातून गेला. नदी पहिल्यांदाच सीमा झाली. उजव्या काठावरही २५ किलोमीटरपर्यंत सैन्य ठेवायचं नाही, अशी अट होती. मग नोंग खाईला बसून कारभार पाहणारा सयामचा राजपुत्र प्रचाक आपलं ठाणं उचलून सुमारे पन्नास किलोमीटर दक्षिणेला गेला. त्या ठाण्याचं पुढे शहर झालं: उदोन थानी.

आता खरी गंमत नावांची. तोवर सयामी सरकार या भागातल्या प्रशासकीय विभागांना 'लाओ' असंच म्हणत होतं. नोंग खाईकडचा 'लाओ फुआन', उबोनकडचा 'लाओ काओ', चियांग माईकडचा 'लाओ चियांग'. पण पलीकडे फ्रेंच बसले होते. इथले लोक लाओ आहेत असं सरकारी कागदच सांगत असतील, तर उद्या फ्रेंच म्हणतील, मग हेही आमचेच! १९०० च्या सुमारास ही नावं पुसली गेली. लाओ चियांगचं 'फायाप' झालं, म्हणजे वायव्य. लाओ फुआनचं 'उदोन', म्हणजे उत्तर. लाओ काओचं 'ईसान', म्हणजे ईशान्य. कंबोडियाकडच्या ख्मेर विभागाचं 'बुराफा', म्हणजे पूर्व. लोकांची नावं गेली आणि त्यांच्या जागी संस्कृत दिशा आल्या. ही यादी वाचताना मला वास्तुशास्त्राचा तक्ता आठवला. मधोमध घरमालक आणि आठ दिशांना बाकी सगळे.

नावामागोमाग भाषेचा नंबर लागला. १९२१ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, ते बँकॉकच्या थाय भाषेत. लाओ लोकांची जुनी 'ताय नोय' लिपी हळूहळू जुन्या पोथ्यांपुरती उरली. १९३९ मध्ये देशाचं नाव सयामचं थायलंड झालं आणि प्रदेशावरून किंवा वंशावरून वेगळी ओळख न सांगता सगळ्यांना फक्त 'थाय' म्हणावं, असं फर्मान निघालं. 'सवत्दी' हे थाय अभिवादन आपल्या 'स्वस्ति'वरून घडवलेलं आहे आणि तेही याच काळात सरकारी पाठिंब्याने रुळलं. नदीपलीकडे अजूनही 'सबायदी' म्हणतात.

मात्र फर्मानांना सगळंच जमत नाही. खेन हे लाओंचं बांबूच्या नळ्यांचं तोंडाने वाजवायचं वाद्य. त्याचे कार्यक्रम फार लोकप्रिय होऊन थाय कला मागे पडते आहे, या काळजीने राजा मोंगकुटने १८६५ मध्ये त्यावर बंदी घातली होती. राजाचा स्वतःचा धाकटा भाऊ खेन उत्तम वाजवायचा, हे विशेष. २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत खेन आला, तो लाओसच्या नावाने. ईसानमध्ये तर तो कधी थांबलाच नव्हता.

पंचांगालाही सीमा कळत नाही. आश्विन पौर्णिमेला बौद्ध भिक्खूंचा वर्षावास संपतो, महाराष्ट्रातल्या बौद्धांचाही. आपल्याकडे कोजागरी असते, त्या रात्री नोंग खाईच्या काठावर हजारो लोक नदीकडे डोळे लावून बसतात. पाण्यातून लालसर गोळे वर उठतात आणि ते नदीतल्या नागराजाने सोडलेले असतात, अशी श्रद्धा आहे. नाग कोणत्या देशाचा, असं तिथे कुणी विचारत नाही.

१९९४ मध्ये नोंग खाईला मैत्री पूल झाला. मीही त्यावरून पलीकडे गेलो. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, फ्रेंचांच्या लाओसमध्ये उजवीकडून. त्यामुळे पूल ओलांडल्यावर रस्त्याची बाजू बदलावी लागते. व्हिएन्तिआनच्या नदीकाठी चाओ आनुवोंगचा भव्य पुतळा आहे, २०१० मध्ये उभारलेला, थायलंडकडे तोंड करून. थाय इतिहासात हा माणूस बंडखोर आहे, लाओ इतिहासात राष्ट्रनायक. ईसानमधला मुलगा शाळेत पहिली गोष्ट शिकतो. त्याचे पूर्वज मात्र कदाचित दुसऱ्या गोष्टीतले असतात.

आज तिथली तरुण मुलं स्वतःला अभिमानाने 'खोन ईसान', म्हणजे ईसानची माणसं म्हणवतात. बँकॉकमध्ये 'लाओ' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, आणि त्यावर ईसानी लोकांनी गाणी, सिनेमे आणि विनोद रचून उत्तर दिलं. खोन केन विद्यापीठाने गेल्या दशकात ही भाषा शाळांमध्ये शिकवण्याचे आणि जुनी लिपी पाट्यांवर आणण्याचे प्रयत्न केले. लादलेल्या नावात लोकांनी आपलं घर थाटलं.

आपणही आसाम, नागालँड, मिझोराम, मणिपूर एका दमात 'ईशान्य भारत' म्हणून टाकतो. तिथल्या शेकडो भाषांपैकी किती नावं आपल्याला सांगता येतील? दिशेचं नाव वापरण्यात सोय असते, कारण मग लोकांचं नाव विचारावं लागत नाही.