पेटीतले ग्रंथ आणि पडद्यावरचे चित्र

वर्गात नवे साधन आले की शिक्षणात नवे युग अवतरले, असे म्हणण्याचा मोह होतो. फळ्याशेजारी संगणकाचा पडदा आला तेव्हाही तसेच झाले. बडोदेकरांनी मात्र किंचित मागे वळून पाहावे. यंत्र आणि सर्वांना खुले असलेले ज्ञान यांची सांगड या संस्थानात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घातली गेली होती.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ साली त्याची व्याप्ती संपूर्ण राज्यापर्यंत नेली. परंतु शिकलेल्या मुलास वाचावयास काही मिळाले नाही, तर अक्षरे विसरली जातात. यावर उपाय म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करण्यात आले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरले. गावाने वर्गणी उभी केली की पंचायत आणि सरकार तेवढीच रक्कम घालीत. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत.

ग्रंथालय खात्याची आणखी एक शाखा होती, ती दृश्यशिक्षणाची. जादूचा कंदील, त्रिमितीय चित्रे दाखविणारी दुर्बीण आणि चलच्चित्राचे यंत्र घेऊन तिचे कर्मचारी जनतेपर्यंत पोहोचत. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही या ज्ञानात वाटा होता. जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याशी ज्याचे नाव निगडित आहे, ते 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघत असे. राज्यातील लोकांच्या भाषा बाजूला सारून ग्रंथालयाची चळवळ चालणार नाही, ही जाण त्यामागे होती.

त्या काळचे चलच्चित्र मुके होते. ते समजावून सांगणारा कोणी नसेल, तर ती निव्वळ करमणूक ठरे. पेटीचेही तेच, ती उघडून वाचकाच्या हाती ग्रंथ देणारा माणूस गावात असावा लागे. साधन सरकार पुरवी, त्याला अर्थ माणूस देई.

आज २०१३ सालचे राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडार आणि २०१७ सालचा 'दीक्षा' मंच यांनी धडे विनामूल्य उपलब्ध केले आहेत. येथे 'खुले' या शब्दाचे दोन अर्थ ध्यानी घ्यावेत. विनामूल्य मिळणे हा एक. पेटीतील ग्रंथही तसाच मिळत असे. दुसरा अर्थ आहे बदल करण्याची मोकळीक. मुक्त परवान्याचे साहित्य शिक्षकाला आपल्या मुलांसाठी नव्याने मांडता येते. कंदिलाच्या काचेवरील चित्राबाबत हे शक्य नव्हते.

घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि परीक्षेत बहुधा इंग्रजी, अशा तिपेडी जगात आपली मुले वाढतात. दूरच्या कार्यालयात तयार झालेला धडा त्यांच्यासमोर केवळ लावून ठेवला, तर आपण मुक्या चित्रपटाचे प्रेक्षकच घडवू. तोच धडा विश्वामित्रीच्या काठचे उदाहरण घालून, त्यांच्या बोलीत एखाद्या शिक्षकाने पुन्हा रचला, तर तो त्यांचा होईल. बृहन्महाराष्ट्रात मराठी वर्ग रोडावत असताना हे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करील, अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे.

माजी विद्यार्थी शाळेला यंत्रे भेट देतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यासोबत शिक्षकाला धडा रचण्यासाठी थोडी उसंत मिळेल, अशीही तजवीज त्यांनी करावी. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांना याहून उचित आदरांजली कोणती?