लोह होते, पण लाभत नव्हते

वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनाच्या इतिहासात लोहाचे प्रकरण लहान, परंतु बोधप्रद आहे. अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोची तोडलेली मुळे द्रव माध्यमात अखंड वाढवून दाखविली. त्यांच्या नावे रूढ झालेल्या माध्यमात लोह फेरिक सल्फेटच्या रूपाने असे. मुळे वाढू लागली की द्रावाचा सामू चढे आणि लोहाचा साका तळाशी बसे. चंबूत लोह असूनही मुळे उपाशी राहत!

१९५१ मध्ये जेकबसन यांनी ईडीटीएच्या साहाय्याने लोह विरघळलेले ठेवण्याची रीत पोषक द्रावांसाठी मांडली. मुराशिगे व स्कूग यांच्या १९६२ च्या माध्यमात लिटरमागे २७.८ मिलिग्रॅम फेरस सल्फेट व ३७.३ मिलिग्रॅम सोडियम ईडीटीए आले. हे प्रमाण आजही प्रयोगशाळांत प्रचलित आहे.

अन्न पुढ्यात असणे वेगळे, ते घेता येणे वेगळे. शिक्षकानेही हे ध्यानी ठेवावे.