काळाच्या प्रवासात यंत्र झालेला शिपाई

गेल्या आठवड्यात इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून सातवीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू-मराठी शिकवणारा. तारखांपेक्षा शब्दांत रमणारा. पण पानिपत म्हटले की मलाही राहवत नाही. मी भाऊसाहेब, विश्वासराव, मल्हारराव असे सगळे सांगत इब्राहिमखान गारदीपर्यंत आलो आणि नेहमीचे वाक्य म्हणालो, "हा शेवटपर्यंत वफादार राहिला."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आधी निजामाकडे, मग पेशव्यांकडे. पगार देईल त्याच्यासाठी लढायचं. म्हणजे रोबोटच की!" वर्ग हसला. त्या पोराने कुठल्या तरी इंग्रजी कॉमिकमधला अर्धा धातूचा, अर्धा माणसाचा चेहरा असलेला शिपाई मोबाइलवर पाहिला होता. हसू ओसरल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारले, "सर, पण मग ते आपले होते की त्यांचे?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. खरे तर सुटलो नव्हतो.

त्या रात्री मी आधी त्या कॉमिकचा शोध घेतला. शिपायाचे नाव डेथलॉक. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या 'अस्टॉनिशिंग टेल्स' या मालिकेच्या २५ व्या अंकात, ऑगस्ट १९७४ मध्ये तो पहिल्यांदा आला. रिच बकलर आणि डग मेंच यांनी तो घडवला. ल्यूथर मॅनिंग हा सैन्यातला कर्नल. तो मरतो आणि डोळे उघडतो ते थेट पुढच्या, उद्ध्वस्त झालेल्या काळात. तोवर त्याचे शरीर अर्धे यंत्र करून टाकलेले असते. डोक्यात संगणक बसवलेला असतो आणि तो संगणक त्याच्याशी बोलतो, त्याला हुकूम देतो. मॅनिंगला कोणी विचारलेले नसते. त्याच्या मरणाचा आणि पुढच्या जगण्याचा निर्णय दुसऱ्यांनीच घेतलेला असतो. त्या गोष्टीची सगळी गंमत त्याच्या लोखंडी हातात नाही. ती डोक्यातल्या त्या आवाजाशी त्याच्या चाललेल्या भांडणात आहे.

योगायोग असा की त्याच १९७४ साली आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. ती कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. पुढे त्यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहिली. त्यात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका हिंदुस्थानात जाऊन पोचतात, जिथे विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेलेली असते आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते. कॉमिकमध्ये माणूस काळ ओलांडतो आणि बदलतो. नारळीकरांकडे माणूस तोच राहतो, इतिहास बदलतो.

इब्राहिमखानाचे मात्र दोन्ही झाले आहे, असे मला वाटू लागले.

आधी त्या पोराच्या 'रोबोट' शब्दाबद्दल. तो अगदीच चुकीचा नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दख्खनचा स्वार म्हणजे शिलेदार किंवा बारगीर. शिलेदाराचे घोडे आणि हत्यार स्वतःचे. घोडा मेला की रोजीरोटी बुडाली, म्हणून कधी पुढे घुसायचे आणि कधी मागे फिरायचे हे तो बरेचसे स्वतः ठरवी. १७५१ मध्ये फ्रेंच सेनानी बुसी हा सलाबतजंगाबरोबर दख्खनमध्ये आला आणि १७५८ पर्यंत राहिला. त्याच्याबरोबर आपल्या मुलखात कवायत आली. एका हुकमावर बंदूक भरायची, एका हुकमावर झाडायची, शेजारचा पडला तरी रांग मोडायची नाही. बंदूक सरकारची, वेळ सरकारची, पगार महिन्याच्या महिन्याला रोख. या कवायती पायदळाला आपल्याकडे गारदी म्हणू लागले. हा शब्द पहारा या अर्थाच्या फ्रेंच 'गार्द'वरून आला असे मानतात. माणसांच्या रांगेचे एक यंत्र करायचे, हीच त्यामागची कल्पना.

इब्राहिमखान याच तालमीत तयार झालेला. निजामाची चाकरी सोडून तो पेशव्यांकडे आला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव झाला, त्यात त्याच्या तोफांचा मोठा वाटा होता. तिथूनच भाऊसाहेबांनी त्याला उत्तरेच्या मोहिमेत बरोबर घेतले. उदगीर म्हणजे आपलाच मराठवाडा. पानिपताच्या वाटेवरचा हा टप्पा आपल्या अंगणातला आहे, हे मुलांना सांगायला आपण बहुतेक वेळा विसरतो.

आता १४ जानेवारी १७६१ ची सकाळ. त्या दिवसाची जवळून पाहिलेली हकिकत काशिराज पंडिताने फारसीत लिहून ठेवली आहे. हा काशिराज दख्खनी ब्राह्मण, पण चाकरी अयोध्येच्या शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे त्या दिवशी अब्दालीच्या बाजूला. तो लिहितो त्याचा मथितार्थ असा. लढाईला तोंड लागण्याआधी इब्राहिमखान भाऊसाहेबांसमोर आला आणि सलाम करून म्हणाला की, माझ्या माणसांचा पगार दरमहा मिळावा म्हणून मी हट्ट धरायचो आणि त्यामुळे आपली माझ्यावर नाराजी होती. या महिन्यात खजिना लुटला गेला, आम्हाला काहीच मिळालेले नाही. ते राहू द्या. आजवर घेतलेला पगार आम्ही फुकट खाल्लेला नाही, हे आज दाखवतो.

मग त्याच्या नऊ पलटणींपैकी दोन बाजूने येणाऱ्या शत्रूकडे वळून उभ्या राहिल्या आणि सात पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर चालून गेल्या. रोहिल्यांची कत्तल झाली. पण दुपारनंतर लढाईचे पारडे फिरले. काशिराजाच्या म्हणण्याप्रमाणे इब्राहिमखानाच्या सहा पलटणी जवळजवळ संपल्या. तो स्वतः भाल्यांच्या अनेक जखमा आणि एक गोळी घेऊन पडला.

या प्रसंगात यंत्र कुठे आहे? यंत्राला तेल घातले नाही की ते थांबते. या माणसाचा पगार थांबला होता, तो का थांबला हे त्याला कळत होते, त्यावरून त्याचे धन्याशी भांडणही झालेले होते, आणि तरी तो उभा राहिला. कॉमिकमधल्या शिपायाचे आवाजाशी जे भांडण, तेच हे. भांडण असणे हीच माणसाची खूण.

इथपर्यंत मी वर्गात सांगत आलो आहे. पुढचे सांगत नव्हतो. आज ते कबूल करतो.

आपल्याकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी की, अब्दालीने कैद झालेल्या इब्राहिमखानाला आपल्या बाजूला यायला सांगितले आणि त्याने बाणेदारपणे ते नाकारले, म्हणून त्याला मारले. ऐकायला छान वाटते. मीही लहानपणी अशीच ऐकली. पण काशिराजाची हकिकत वेगळी आहे. शुजाने जखमी इब्राहिमखानाला आपल्याकडे लपवले होते. अब्दालीच्या लोकांना सुगावा लागला आणि शेवटी त्याला हजर करावे लागले. तुझ्यासारख्या शूराची ही दशा कशी, असे अब्दालीने विचारले. त्यावर तो म्हणाला की नशिबावर कोणाचा ताबा नसतो, धनी मारला गेला आणि मी घायाळ कैदी आहे. मात्र जगलो आणि आपण चाकरीत घेतले, तर भाऊंसाठी जशी शर्थ केली तशीच आपल्यासाठी करीन. त्याला जगू दिले नाही. त्याला अब्दालीच्या वजिराच्या ताब्यात दिले, जखमांच्या मलमपट्टीत विष घातले गेले आणि सातव्या दिवशी तो मेला.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. आमच्या घरातला एकुलता एक बल्ब कोणीतरी विझवावा तसे वाटले. मराठी मुसलमानाला शाळेच्या इतिहासात मिळणाऱ्या मोजक्या सन्मानाच्या जागांपैकी ही एक, आणि तिथेही हे असे! म्हणून मी वर्षानुवर्षे फक्त 'वफादार' एवढाच शब्द वापरला आणि पुढे सरकलो.

आता वाटते, ल्यूथर मॅनिंगचे त्यांनी केले तेच मी इब्राहिमखानाचे करत होतो. मेलेल्या शिपायाला ओढून आपल्या काळात आणायचे, त्याचा नको तो भाग काढायचा, आपल्याला हवा तो धातू बसवायचा आणि डोक्यात आपला आवाज भरायचा. कोणी त्याला विश्वासाचे प्रमाणपत्र करून ठेवले: बघा, असा मुसलमान असावा. कोणी भाडोत्री म्हणून झटकले. दोन्हीकडे माणूस उरला नाही, फक्त कळ दाबली की बोलणारे यंत्र उरले. अडीचशे वर्षांच्या प्रवासात तो शिपाई असा बदलत गेला.

या प्रवासातला एक मोठा टप्पा ३० ऑगस्ट १७७३ चा. त्या दिवशी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला आणि मराठी कानांना 'गारदी' म्हणजे मारेकरी असे ऐकू येऊ लागले. पण त्या कटातली नावे पाहा: सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ, तुळाजी पवार. गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता. तो पेशा होता. एकाच पेशातला एक जण बिनपगारी रणात पडतो आणि दुसरा पैसे घेऊन वाड्यात घुसतो. कवायत दोघांची सारखीच. फरक माणसात होता.

आणि 'आपले की त्यांचे' हा प्रश्न फक्त इब्राहिमखानालाच का? पानिपतावर शुजाच्या फौजेत अनुपगीर आणि उमरावगीर हे गोसावी सरदार होते. ते अब्दालीच्या बाजूने लढले. त्यांना आज कोणी दाखला मागत नाही आणि मागूही नये. खुद्द काशिराज, ज्याच्या लेखणीमुळे इब्राहिमखानाचे शेवटचे शब्द आपल्यापर्यंत आले, तो दख्खनी माणूस शत्रूच्या छावणीत बसून लिहीत होता. त्या काळात माणूस ज्याचे मीठ खाई त्याच्याशी इमान राखी. धनी मेला की ते मीठ फिटले. इब्राहिमखानाने अब्दालीला दिलेले उत्तर त्या रिवाजात बसणारे आहे. त्याने ना धर्म विकला ना देश विकला. आपण आज ज्याला देश म्हणतो ती चीज त्याच्यासमोर त्या रूपात नव्हतीच. त्याने पेशा सांगितला. आणि त्याचे इमान किती वजनाचे असते हे तो आदल्या दिवशी रणात दाखवून आला होता.

आष्टीहून जामखेडच्या बाजूला गेले की पुढे खर्डा लागते. तिथे ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम समोरासमोर आले. निजामाकडे फ्रेंच रेमंडच्या कवायती पलटणी, शिंद्यांकडे पेरॉनच्या. पानिपतानंतर चौतीस वर्षांत कवायतीचे यंत्र दोन्ही बाजूंनी स्वीकारले होते आणि दोन्ही यंत्रांत माणसे याच मातीतली होती. खर्ड्याचा किल्ला अजून उभा आहे. मुलांना तिथे नेऊन मी एवढेच विचारणार आहे की, या दोन रांगांतले आपले कोण आणि त्यांचे कोण, सांगा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बोलावले. म्हणालो, "बेटा, काल तू विचारलंस, त्याचं उत्तर एका शब्दात नाही." आणि मग मलमपट्टीतल्या विषापर्यंतची सगळी हकिकत सांगितली, अब्दालीला दिलेल्या उत्तरासकट. तो मागच्या बाकावरचा पोरगाही येऊन उभा राहिला होता. ऐकून तो म्हणाला, "म्हणजे पगार नसताना लढला, पण पुढं नोकरीही मागितली?"

"हो."

"मग रोबोट नाही, सर. रोबोट नोकरी मागत नाही."

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझे अब्बापण मागचा पगार राहिला तरी कामावर जातात. आणि दुसरीकडे कामही शोधतात."

मी 'वफादार' हा शब्द शिकवायचे सोडलेले नाही. पण आता त्याच्यापुढे थांबत नाही, पुढची हकिकतही सांगतो.